बाईंचा पाण्याचा खेळ

बाईंच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पाहुण्यासाठी खुर्ची नव्हती. ज्या होत्या त्या सगळ्या यंत्रांपुढे, आणि यंत्रापुढे बसणाऱ्याने टाईप केलंच पाहिजे असा नियम होता. मुलीच्या फीची चौकशी करायला आलेले वडील दमून टेकले की बाई त्यांच्यापुढच्या रोलरमध्ये कागद सरकवत.

"डावी करंगळी ए वर ठेवा."

"अहो, मी नुसता चौकशीला आलोय."

"चौकशी उभ्याने होते. तुम्ही बसलात."

बदलापूरच्या कात्रपमधल्या बऱ्याच गृहस्थांना यामुळे पहिला धडा येत होता. एक विमा एजंट तर तिसऱ्या धड्यापर्यंत पोचला होता, कारण बाई पॉलिसी घेतील ही आशा त्याने सोडली नव्हती. बाईंनी पॉलिसी घेतली नाही. त्याच्या अनामिकेत मात्र चांगली सुधारणा झाल्याचं त्या सांगत.

बाई पूर्वी अंबरनाथच्या एका कारखान्यात साहेबांच्या स्टेनो होत्या. साहेबांनी सांगितलेलं एक वाक्य पुढे अंगलट आलं, तेव्हा ते म्हणाले की मी असं बोललोच नव्हतो, हिने चुकीचं घेतलं. बाईंनी शॉर्टहँडची वही टेबलावर ठेवली, "तुम्ही हेच बोललात" असं म्हटलं आणि त्या घरी आल्या. लोकांनी समजावलं की साहेब आहेत, बोलतात. बाई म्हणाल्या, "मी पण बोलले. नवी ओळ." एखादा विषय संपला असं त्यांना वाटलं की त्या "नवी ओळ" म्हणत. त्यानंतर त्या विषयावर त्यांच्याकडून शब्द काढणं कोणाला जमत नसे.

इन्स्टिट्यूट म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा, पुढे रुंद ओटा, मागे बाईंची राहायची खोली. बाई अविवाहित, पन्नाशीला आलेल्या, एकट्या. मनगटी घड्याळ तबकडी आतल्या बाजूला करून बांधत. की-बोर्डकडे बघून टाईप करणाऱ्याच्या हातांवर पंचा टाकत. मी त्या पंच्याखालीच टायपिंग शिकलो आणि पुढे ठाण्याच्या एका दैनिकात बातमीदार झालो. उल्हासनगर ते बदलापूर हा माझा टापू होता, त्यामुळे त्यांच्याकडे जाणं सुटलं नाही.

नव्वदीच्या दशकात टायपिंगचे विद्यार्थी कमी व्हायला लागले. सगळ्यांना कॉम्प्युटर हवा होता. बाईंनी मुंबईच्या एका ऑफिसने काढून टाकलेला कॉम्प्युटर आणला. खोलीत जाजम घातलं, खिडकीला पडदा लावला, दाराबाहेर 'चपला इथे काढा' अशी पाटी लावली. त्या काळी सगळ्याच क्लासमध्ये कॉम्प्युटरला असं देवघरासारखं ठेवत. बाईंनी फरक एवढाच केला की विद्यार्थ्यांना शिकवायच्या आधी स्वतः पुस्तक घेऊन प्रोग्रॅम लिहायला बसल्या. पुस्तकाच्या शेवटी एक छोटा खेळ होता, चेंडू भिंतीवर आपटायचा. तो त्यांनी करून पाहिला आणि म्हणाल्या, "हे भिंतीला चेंडू मारणं कोणाच्या घरी चालतं? आमच्याकडे वेगळंच चालतं."

मग दुपारच्या रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःचा खेळ रचला. नाव 'पाणी आलं'. त्या कॉम्प्युटरला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून त्यांनी प्रत्येक अक्षर चौकटीच्या कागदावर ठिपक्या-ठिपक्याने काढलं आणि एकेक ठिपका मशीनला सांगितला. खेळ असा होता. घरात एक बाई आहे. नळाला पाणी येतं, केव्हा येईल ते सांगता येत नाही. ते जायच्या आत हंडा, कळशी, बादली आणि पिंप भरायचं. पिण्याचं पाणी आधी, नाहीतर तळाचं गढूळ पाणी प्यावं लागतं. मध्येच दारावर कोणी येतं, दूध उतू जातं. शेजारीण कळशीभर पाणी मागते. दिलं तर आपलं पिंप अर्धं राहतं. नाही दिलं तर पुढच्या खेपेला पाणी आल्याची हाक ती मारत नाही, आणि तुमच्या नळाखाली भांडं लागेपर्यंत निम्मं पाणी गेलेलं असतं.

आणि शेवटी पाणी जातंच. कितीही चांगलं खेळा. पडद्यावर 'पाणी गेलं' अशी अक्षरं येतात आणि खाली किती भांडी भरली ते दिसतं.

मला तो खेळ आवडला, असं मी सांगितलं. बाईंनी ते नोंदवूनही घेतलं नाही.

"तुला हिशेबात धरायचं नाही. तू माझ्याकडे शिकलास. विद्यार्थी धाकाने खेळतात, तो एजंट पॉलिसीसाठी खेळतो. माझा भाऊ डोंबिवलीहून येऊन सांगतो की ताईला खूळ लागलंय, गाळा भाड्याने द्यावा. आता मला खूळ लागलंय की मी खरोखर खेळ केलाय, हे तुम्हा लोकांकडून कळायचं नाही. मला एक अनोळखी माणूस पाहिजे. माझ्याकडून ज्याला काही नको आहे असा. त्याने हा खेळ खेळायचा आणि कोणी न सांगता परत खेळायचा. एकदा कोणीही खेळतं रे. दुसऱ्यांदा खेळला तर तो खेळ."

असा माणूस मिळवण्यात त्यांची पुढची दीड-दोन वर्षं गेली.

आधी त्यांनी मला कामाला लावलं. "बातमी दे." मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, किती लोक खेळतात? मी म्हटलं, अजून कोणी नाही. ते म्हणाले, लोक खेळायला लागले की बातमी. मी हे बाईंना सांगितलं. "आणि लोकांना कळल्याशिवाय ते खेळणार कसे, हे विचारलंस का?" मी विचारलं होतं. संपादक म्हणाले होते की मुद्दा बरोबर आहे, पण पान माझं आहे. बाईंना हे उत्तर आवडलं. "सरळ बोलतो माणूस," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी खेळाच्या फ्लॉप्यांची पिशवी घेऊन उल्हासनगरला निघाल्या. मी बरोबर होतो.

तिथे एका सिंधी दुकानदाराचा कॅसेट आणि फ्लॉप्यांचा मोठा धंदा होता. सगळे त्याला साईं म्हणत. गोरा, गुबगुबीत, समोरच्याला आधी सरबत पाजल्याशिवाय न बोलणारा. त्याने दुकानातल्या मशीनवर खेळ लावला, थोडा वेळ बटणं दाबली.

"मॅडम, अच्छा है. लेकिन इसमें मारना किधर है?"

"कोणाला मारायचंय?"

"किसी को भी. दुश्मन."

"यात दुश्मन नाही. शेजारीण आहे."

"तो पडोसन को मारने का बटन डालो ना!"

"शेजारणीला मारलं तर हाक कोण मारणार?"

साईं जरा विचारात पडला. हा मुद्दा त्याला पटलेला दिसला. पण धंदा धंद्याच्या ठिकाणी होता. त्याने प्रेमाने समजावलं की मराठी नाव काढून इंग्रजी नाव टाका, नळाची तोफ करा, हंड्यांचे शिपाई करा, माल जाईल. बाई म्हणाल्या, नाव बदलणार नाही, नळ बदलणार नाही, आणि माझ्या खेळात कोणी मरत नाही. पाणी जातं, तेवढं पुरे आहे. शेवटी साईं म्हणाला, ठीक आहे, तुमचा मान राखून जसा आहे तसा ठेवतो.

खेळ त्याने जसा आहे तसाच ठेवला. फक्त त्याच्याकडे रिकामे खोके पडून होते, त्यांच्यात फ्लॉप्या घातल्या. खोक्यावर हेलिकॉप्टर होतं.

पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा काउंटरवर कॉलेजचा एक तरुण तावातावाने बोलत होता. "हेलिकॉप्टर किधर है? इसमें तो बाल्टी है!" बाई पुढे झाल्या. "बादली आहेच. भरली का तुम्ही ती?" तो चमकला. म्हणाला, आंटी, मी गेम घेतला होता, घरकाम नाही. बाईंनी विचारलं, कितव्या भांड्यापर्यंत पोचलात? तो म्हणाला, एकही भरलं नाही, खोटा माल आहे कळल्यावर बंदच केला. बाईंनी साईंकडे वळून उरलेल्या सगळ्या फ्लॉप्या मागितल्या. साईं खरोखर ओशाळला. म्हणाला, "मॅडम, डिब्बे पर नल का फोटो होता तो कोई हाथ भी नहीं लगाता."

"नसता लावला. पण ज्याने लावला असता त्याने नळासाठी लावला असता."

परतताना मी म्हटलं की साईंचं अगदीच चूक नाही. बाईंनी बोट वर केलं. "हेलिकॉप्टर बघून आलेला माणूस माझ्याकडे आलेलाच नाही. तो हेलिकॉप्टरकडे आला. नवी ओळ."

नवी ओळ संक्रांतीला सुरू झाली. बाईंनी कात्रपमधल्या आणि जुन्या बदलापूर गावातल्या बायकांना बोलावणं केलं. अविवाहित बाई हळदीकुंकू करते म्हटल्यावर लोकांच्या भुवया वर गेल्या. बाईंनी सांगितलं, हळद नाही, कुंकू नाही, नुसतं वाण. त्यामुळे कोणीही यावं, विधवा, लग्न न झालेली, आणि ज्यांच्यात हळदीकुंकू करत नाहीत त्याही. मागच्या गल्लीतल्या बौद्ध कुटुंबांतल्या शिक्षिका पहिल्यांदाच कात्रपमध्ये कोणाकडे संक्रांतीला आल्या. खोली भरली. बाईंनी प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ आणि एकेक फ्लॉपी ठेवली.

"हे काय हो बाई? याच्यावर कप ठेवायचा का?"

"यात पाणी आहे."

"अगंबाई!" असं म्हणून त्या बाईने फ्लॉपी कानाशी हलवून पाहिली.

बाईंनी समजावलं की ज्यांच्या घरी किंवा ऑफिसात कॉम्प्युटर आहे त्यांनी तिथे खेळावं, बाकीच्यांनी हीच फ्लॉपी घेऊन इथे यावं. त्यांचा हिशेब बरोबर होता. वाण कोणी टाकून देत नाही. स्टीलची वाटी असो की प्लास्टिकची चाळणी, ती घरात राहते, आणि दिसली की देणारी आठवते. एका बाबतीत मात्र त्यांचा अंदाज चुकला. वाणाला हळदकुंकू लागलं पाहिजे ही गोष्ट त्या स्वतः सोडू शकत होत्या, बाकीच्या बायका नव्हत्या. बाईंनी लावलं नाही म्हणून बऱ्याच जणींनी घरी जाऊन आपलं आपण लावलं. फ्लॉपीला एक चकचकीत पत्रा असतो. मान तिथेच द्यायला हवा, असं सगळ्यांना वाटलं. एकीने तर तो पत्रा सरकवून आतल्या काळ्या चकतीलाही बोट लावलं, कारण मुख्य वस्तू ती असणार हे तिने ओळखलं होतं.

आणि मग त्या खेळायला आल्या. पहिल्या दोघी-तिघींच्या फ्लॉप्या आत गेल्या आणि मशीनच्या तोंडातून करकर आवाज यायला लागला. चौथी फ्लॉपी निघेचना. मेकॅनिकने ते उघडलं तेव्हा आत कुंकवाची पिंजर होती.

"बाई, आम्ही चांगल्या मनाने लावलं हो," शेजारच्या काकू रडवेल्या झाल्या.

"मन चांगलंच आहे. मशीन नास्तिक आहे," बाई म्हणाल्या, आणि स्पिरिटचा बोळा घेऊन बसल्या. मशीनचं तोंड पुन्हा सुरू झालं नाही. खेळ मशीनच्या आत शाबूत होता, पण आता त्याची नक्कल निघणार नव्हती आणि तो कुठे पाठवताही येणार नव्हता. ज्याला खेळायचं त्याला त्या एका मशीनपाशी यावं लागणार होतं. काकू आणि त्यांच्या मैत्रिणी अपराधी वाटून काही दिवस येत राहिल्या. त्या दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा खेळल्या, हसल्याही. बाईंनी एकीलाही हिशेबात धरलं नाही. "भरपाई करायला येतात," म्हणाल्या.

याच सुमारास एक स्थानिक पुढारी आले. त्यांच्या पत्नीकडून त्यांना खेळाचं कळलं होतं. ते मैदानावर महिलांसाठी मोठी ग्राहकपेठ भरवत होते, लोणची, साड्या, मेंदी. त्यात बाईंच्या कॉम्प्युटरला स्टॉल, फुकट, ऐन प्रवेशद्वारापाशी. पूर्ण बदलापूर येणार होतं, अंबरनाथहूनही माणसं येणार होती. सगळी अनोळखी. मी तिथे होतो. बाईंनी घड्याळाचा पट्टा सोडून परत बांधला. हे त्या कधी करत नसत.

"एकच छोटी दुरुस्ती," पुढारी म्हणाले. "शेवटी ते 'पाणी गेलं' येतं ना, त्याच्या जागी टाकी भरून वाहतेय असं दाखवा. 'पाणीच पाणी' असं काहीतरी. लोकांना आनंद झाला पाहिजे. तुम्ही हुशार आहात, तुम्हाला दोन मिनिटांचं काम."

"तुमच्याकडे नळाला किती वेळ असतं पाणी?"

"आमच्याकडे बोअर आहे."

"मग तुम्हाला हा खेळ समजायचा नाही."

"बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"भलंच आहे. पण पाणी न जाता उरलं, तर मग ती बाई धावते कशाला? शेजारणीला कळशी देऊ की नको हा प्रश्नच राहत नाही. तुम्ही शेवट बदलायला सांगताय, त्यात सगळा खेळच जातो."

पुढारी उठले, म्हणजे उभेच होते ते, दाराकडे वळले. त्यांनी जाता जाता मला विचारलं, यांच्या घरात दुसरं कोणी समजूतदार नाही का. स्टॉल मिळाला नाही. पेठ जोरात झाली. बाई एकदा जाऊन पापड घेऊन आल्या.

मला तेव्हा वाटलं होतं की त्यांनी शेवट बदलायला हवा होता. दोन मिनिटांचं काम होतं, पेठ संपल्यावर परत बदलता आला असता. मी तसं बोललोही. बाई म्हणाल्या, "मग लोक जे दुसऱ्यांदा खेळले असते, ते काय खेळले असते?"

मे महिन्यात नळ जवळजवळ बंद पडले आणि टँकर सुरू झाले. आमच्या भागाचा टँकर नेमका इन्स्टिट्यूटच्या ओट्यापुढच्या वळणावर थांबे. बायका आधीपासून हंडे-कळश्यांची रांग लावून सावलीला उभ्या राहत. एका सकाळी बाईंनी कॉम्प्युटर उचलून ओट्यावर आणला. जाजम, पडदा, चपलांची पाटी आत राहिली. ऊन पडद्यावर पडू नये म्हणून मशीनला खोक्याची झापड केली, खिडकीतून वायर ओढली.

सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. "बाई, धुळीने बाद होईल मशीन."

"आत राहून काय नाबाद आहे?"

पुढाऱ्यांचा एक कार्यकर्ता स्कूटर थांबवून म्हणाला, टँकरच्या रांगेपुढे हा खेळ लावणं म्हणजे राजकारण आहे.

"खेळ आहे. बसा, एक डाव खेळा."

तो बसला नाही.

सुरुवातीला बायका लांबूनच बघत. ओट्यावर काकू खेळत बसत, बाकीच्यांना ते बाईंच्या क्लासचं काहीतरी वाटे. एके दिवशी काकू नेहमीप्रमाणे खेळातल्या पिंपाला पाइप लावून बसल्या होत्या, आणि रांगेतून आवाज आला.

"आगो, पिप काय भरतंस? पिन्याचं पानी आदी भर ना!"

बोलणारी गावाकडच्या बाजूची होती, काटक, पदर खोचलेला, पायाशी दोन हंडे. तिला कात्रपमध्ये कोणी ओळखत नव्हतं. काकूंचं पाणी गेलं. ती जवळ आली होती.

"बघितलंस? सांगत व्हते."

"तुम्ही भरून दाखवा," बाई म्हणाल्या.

तिने हात पदराला पुसले आणि बसली. चार बटणं कशाची ते बाईंनी एकदाच सांगितलं. ती दोन बोटांनी खेळली. हंडा भरला, कळशी भरली, दूध वाचवलं. शेजारीण आली, तिला हाकललं. पुढच्या खेपेला हाक आली नाही आणि तिचं पिंप कोरडं राहिलं. 'पाणी गेलं' अक्षरं आली.

"ही शेजारीन लबाड हाय," ती म्हणाली, उठली, आणि रांगेत आपल्या हंड्यांपाशी जाऊन उभी राहिली.

काकू तिला हाक मारणार होत्या. बाईंनी त्यांचा दंड धरला. बाईंच्या हाताची पकड किती होती ते काकूंनी पुढे पुष्कळांना सांगितलं. रांग सरकत नव्हती. ती बाई हंड्याशी उभी होती, ओट्याकडे पाहत होती, परत रस्त्याकडे. मग बरोबर आलेल्या शेजारणीला काहीतरी बोलून ती आपणहून चालत आली, कोणाकडे न बघता बसली, आणि पडद्याला म्हणाली, "ये आता. देते तुला कळशी."

तेवढ्यात वळणावर टँकरचा हॉर्न वाजला. रांग उठली, हंडे एकमेकांवर आपटले, बायका ओरडायला लागल्या.

"आगो, टँकर आला! ऊठ!"

"तू लाव माझा हंडा."

"येडी झालीस काय?"

"लाव गो! हितं पानी चालू हाय माझं."

टँकरचा पाइप सुटला, वळणावर चिखल झाला, तिच्या शेजारणीने शिव्या देत देत चार हंड्यांचा भार सांभाळला. ओट्यावरच्या त्या बाईने मान वर केली नाही. या वेळी हाक वेळेवर आली, पिंप काठापर्यंत भरत आलं, आणि पाणी गेलं. तिने त्या अक्षरांकडे बोट केलं.

"वो बाई, याच्यात शेवटाला पानी जातंच काय?"

"जातंच."

"किती बी लवकर भरलं तरी?"

"तरी."

स्कूटरवाला कार्यकर्ता टँकरपाशी उभा राहून ऐकत होता. सेक्रेटरी ऐकत होते. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि त्यांनी उत्तरात एक शब्दही जास्त घातला नाही.

"मंग बराबर हाय," ती म्हणाली, आणि तिसऱ्यांदा खेळायला पुढे सरकली.